दीड किलो मिठाचा रोजचा हिशेब

मूत्रपिंडाची ओळख आपल्याला ‘रक्त गाळणारा अवयव’ अशी करून दिली जाते. गाळणी नको ते अडवते आणि हवे ते खाली सोडते. मूत्रपिंडाची रीत वेगळी आहे. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिने मागे ठेवून ते बाकी जवळजवळ सगळे आधी बाहेर सोडते आणि मग शरीराला हवे ते वेचून परत घेते. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तातून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव असा पाझरतो. लघवी होते साधारण दीड लिटर. त्या द्रवात जवळपास दीड किलो मीठ असते आणि त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक रक्तात परत जाते. मूत्रपिंडाची बहुतेक मेहनत या परतीच्या कामात खर्च होते. जास्त मिठाची किंमत शरीर कुठे मोजते, हेही त्यावरूनच समजते.

या परतीच्या वाटेचा थेट पुरावा बेडकाने दिला. १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जोसेफ वर्न आणि आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडात केशिकांच्या गुच्छाभोवती असलेल्या सूक्ष्म पिशवीतून बारीक काचनळीने द्रव काढला. त्यात साखर आणि क्लोराइड होते. मूत्राशयातल्या लघवीत मात्र ते सापडले नाही. वाटेतल्या नलिकांनी ते परत घेतले होते. माणसात सुमारे दोन-तृतीयांश सोडियम नलिकेच्या पहिल्याच टप्प्यात परत घेतले जाते आणि शेवटच्या काही टक्क्यांचे काय करायचे ते आल्डोस्टेरॉनसारखी संप्रेरके ठरवतात. हा शेवटचा हिस्सा लहान दिसला तरी दीड किलोतला एक टक्का म्हणजे १५ ग्रॅम मीठ होते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खाण्याचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या हिशेबातला काटेकोरपणा कळतो.

इथे कुणी विचारेल, यंत्रणा इतकी चोख आहे तर जादा मीठ ती टाकून देईलच, मग काळजी कशाला? ती टाकते हे खरे. पण अनेकांच्या शरीरात त्यासाठी रक्तदाब वाढावा लागतो. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी हाच मुद्दा मांडला: दाब वाढला की मूत्रपिंड अधिक मीठ बाहेर टाकते, आणि ही क्षमता मंदावली तर तेवढेच मीठ टाकायला अधिक दाब लागतो. लुईस डाल यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी याला बळ दिले. उच्च रक्तदाबाच्या वाणातल्या उंदराचे मूत्रपिंड दुसऱ्या वाणाच्या उंदरात बसवले की त्याचाही दाब वाढे. म्हणून लघवीतून मीठ जाते आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. ते किती दाबाने जाते आहे ते पाहायला हवे.

दुसरा युक्तिवाद पाण्याचा: खारट खाल्ले तर भरपूर पाणी प्यावे, मीठ धुऊन निघेल. पण निरोगी मूत्रपिंड जादा पाणी पातळ लघवीतून टाकते आणि सोडियमचा हिशेब बराचसा वेगळा ठेवते. मॉस्कोत मंगळप्रवासाच्या सरावासाठी महिनोन्‌महिने बंदिस्त राहिलेल्या पुरुषांचा अभ्यास येन्स टिट्झे यांच्या गटाने केला. त्याच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जास्त मिठाच्या काळात ते दीर्घ मुदतीत उलट कमी पाणी पीत होते, कारण मूत्रपिंड पाणी राखून ठेवत होते. मीठ, तहान आणि लघवी यांचे जुने साधे चित्र त्यामुळे बदलावे लागते. मात्र मीठ कमी करण्याचा सल्ला त्याने खोटा ठरत नाही.

सैंधव वापरूनही सुटका नाही, कारण तेही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच आहे. सोडियम खरोखर घटवले तर काय होते, याचे उत्तर चीनच्या ६०० खेड्यांतल्या सुमारे २१,००० लोकांवरील चाचणीने २०२१ मध्ये दिले. पूर्वी पक्षाघात झालेल्या किंवा साठी ओलांडलेल्या व उच्च रक्तदाब असलेल्या या लोकांपैकी ज्यांना एक-चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिले. मात्र ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाला धोका होऊ शकतो, म्हणून असे मीठ त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मूत्रपिंडाचे बळ घटत असताना बराच काळ काही दुखत नाही. म्हणूनच रक्तदाब नियमित मोजावा आणि लोणचे, पापड व ताटात वरून घेतलेले मीठ आजपासूनच कमी करावे.