नुसता कळवळा पुरेसा नाही

बँकेतील, कचेरीतील किंवा शाळेतील वीस-पंचवीस वर्षांची चाकरी झाली, मुले हाताशी आली, की 'आता माणसांच्या उपयोगी पडेल असे काही करावे' अशी ओढ अनेकांना लागते. मोडू घातलेल्या संसारांना, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईबापांना, म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेने थकलेल्या घरांना आधार देण्याचे काम व्यवसाय म्हणून पत्करावे, असा विचार सुशिक्षित मध्यमवर्गात अशा वेळी डोके वर काढतो. त्याचे स्वागतच करावयास हवे. मात्र हे काम कोणती तयारी मागते आणि समाज त्याचे काय मोल करतो, याचीही चौकशी झाली पाहिजे. कारण अजाण माणसाने दिलेला सल्ला घर तारण्याऐवजी बुडवूही शकतो.

या संदर्भात हैदराबादची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथील विद्यानगरात दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय आहे आणि त्यांच्या आंध्र महिला सभेच्या शिक्षणसंस्थाही त्या शहरात नांदत आहेत. दुर्गाबाई आंध्रकन्या खऱ्या, पण कोकणच्या सूनबाई. रायगडाजवळच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांशी 1953 साली त्यांचा विवाह झाला. या दांपत्याचे उत्तरायुष्य हैदराबादशी जोडलेले राहिले आणि 1982 साली चिंतामणरावांनी देह ठेवला तोही तेथेच.

दुर्गाबाईंच्या आयुष्याकडे कामाची दिशा बदलणाऱ्या माणसाचे आयुष्य म्हणून पाहावे. 1909 साली राजमहेंद्रीस जन्म, आठव्या वर्षी लग्न आणि जाणत्या वयात त्या लग्नाला स्पष्ट नकार. मिठाच्या सत्याग्रहात कारावास घडला तेव्हा तुरुंगात त्यांना अशा बायका भेटल्या, ज्यांना स्वतःचा बचाव कसा करावा हेच ठाऊक नव्हते. कायदा शिकण्याचा त्यांचा संकल्प तेथला. मग मॅट्रिकपासून सुरुवात करून त्यांनी एम. ए. आणि पुढे कायद्याची पदवी मिळविली, मद्रासेत वकिली केली, घटना समितीत त्या बसल्या. 1953 साली मध्यवर्ती समाजकल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी या मंडळाने 1958 पासून संक्षिप्त अभ्यासक्रम चालविले. उशिरा शिकायला बसलेल्या माणसाची अडचण दुर्गाबाईंना ऐकून माहीत नव्हती, ती त्यांनी स्वतः भोगली होती.

त्याच 1953 साली त्या चीनला गेल्या होत्या. तेथील कौटुंबिक न्यायालये पाहून आल्यावर त्यांनी छगला आणि गजेंद्रगडकर या मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींशी आणि पंडित नेहरूंशी या कल्पनेची चर्चा केली. कायदा मात्र 1984 साली झाला. त्याच्या तीन वर्षे आधीच दुर्गाबाई निवर्तल्या होत्या. या कायद्याने न्यायाधीशावर समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले, समुपदेशकांना न्यायालयात जागा दिली आणि पक्षकाराला वकील उभा करण्याचा हक्क ठेवला नाही. साहजिकच समुपदेशकाच्या शब्दाला वजन आले. त्याच वर्षी मुंबईच्या पोलीस मुख्यालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांना पोलिसांच्या शेजारी बसविले.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेणे भाग आहे. 'आम्ही चार पावसाळे जास्त पाहिले आहेत, दोघांना समोर बसवून चार शब्द सांगू', ही वडीलधाऱ्या माणसांची श्रद्धा प्रामाणिक असते, पण ती समुपदेशन नव्हे. उभा जन्म सल्ला देण्यात घालविलेल्या माणसाला ऐकण्याची सवय नव्याने लावून घ्यावी लागते. एका पक्षाचे गुपित दुसऱ्याच्या कानी जाऊ न देणे, स्वतःच्या घरातील अनुभव दुसऱ्याच्या घरावर न लादणे, हे अभ्यासाविना साधत नाही. त्याहून मोठा धोका आहे तो 'कसेही करून संसार टिकवा' या आग्रहाचा. मार खाऊन आलेल्या बाईला सोशिकपणाचा उपदेश करून परत पाठविणे म्हणजे आधार नव्हे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या नियमांनी याची दखल घेतली आहे. समुपदेशनात नवऱ्याला आपल्या मारहाणीचे समर्थन करू देऊ नये, असे ते बजावतात.

कुटुंबाला आधार देणे म्हणजे केवळ नवरा-बायकोचे भांडण मिटविणे, असेही नाही. बौद्धिक अपंगत्वासाठी 1984 साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था सिकंदराबादेत आहे. अशा मुलाला शिकविण्याइतकेच त्याच्या आईला धीर देणे, बापाला त्याची लाज वाटणार नाही असे करणे आणि 'आमच्यामागे याचे कोण?' या प्रश्नाला सामोरे जाण्यास दोघांना बळ देणे, हेही त्या क्षेत्रातील माणसाचे काम ठरते.

आमच्या गोमंतकात या कामाला आणखी एक पैलू आहे. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेला नागरी कायदा येथे आजही लागू आहे. विवाहाची नोंदणी, पतिपत्नींची समाईक मालमत्ता, मुलांचा वारसाहक्क यांचे येथील नियम इतर राज्यांहून वेगळे आहेत. हैदराबादेत किंवा मुंबईत शिकून आलेल्या माणसाला ते नव्याने शिकावे लागतील. शिवाय मुले आखातात वा जहाजावर आणि गावच्या घरी एकटी म्हातारी जोडपी, हे येथले नेहमीचे चित्र. त्यांचे दुखणे कोणत्याही न्यायालयाच्या पायरीवर येत नाही.

तेव्हा या वाटेला येऊ पाहणाऱ्यांना आम्ही इतकेच सांगू, की नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी एखाद्या संस्थेत काही महिने विनावेतन बसावे, जाणत्या कार्यकर्त्याच्या देखरेखीखाली ऐकायला शिकावे आणि समाजकार्याचे रीतसर शिक्षण घ्यावे. येथे मिळकत थोडी असते, हेही घरच्यांशी बोलून घ्यावे. आणि सरकारला सांगावयाचे ते असे, की तुटपुंज्या मानधनावर, आज आहे उद्या नाही अशा नेमणुकीवर माणसे ठेवून घरे सावरली जात नाहीत. न्यायाधीशाला, डॉक्टरला पगार देताना कोणी त्यांच्या सेवाभावाचा हिशेब मागत नाही. मग मोडते घर सावरणाऱ्याकडूनच तो का मागावा?