जुन्या फौजी जीपचें पेट्रोल कोठें अडतें?

आज ज्या गांवास आपण उल्हासनगर म्हणतों, तेथें दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं कल्याण कॅम्प नांवाची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथील बराकींतून सिंधी निर्वासितांनीं आपले संसार पुनः उभे केले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं वसाहतीस सध्यांचें नांव दिलें. छावणी गेली, तरी 'कॅम्प नंबर तीन' असा पत्ता मात्र अजून चालू आहे. त्याच युद्धानें जन्मास घातलेली विलीज जीपही अशीच टिकून आहे. विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून युद्धकाळांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. पुढें १९४७ पासून महिंद्र बंधूंच्या कंपनीनें मुंबईस विलीज जीपची जुळणी सुरू केली. आजोबांनीं किंवा थोरल्या काकांनीं हौसेनें घेतलेली अशी एखादी जीप आमच्या कांहीं वाचकांच्या अंगणांत आजही उभी असेल.

अशा गाडीची नेहमींची तक्रार एकच. अंबरनाथाहून ती झोकांत निघते आणि बदलापूर जवळ येतें न येतें तोंच खोकूं लागते, आचके देते व बंद पडते. पाव तास विसांवा मिळाला कीं जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी पुनः चालूं लागते. मिस्त्री येतो, तो प्रथम कार्बोरेटर खोलतो. दोनदां खोलूनही भागलें नाहीं म्हणजे घरांत 'आतां ही विकूनच टाका' अशी भाषा सुरू होते. आमच्या मतें हा क्रमच उलटा आहे. विहिरींत पाणी आहे कीं नाहीं हें न पाहतां नळाची तोटी बदलण्यांतला हा प्रकार! पेट्रोल ज्या वाटेनें जातें त्याच वाटेनें, टाकीपासून, शोध घेत जावें.

तत्पूर्वीं एक गोष्ट. ज्यास आपण पेट्रोलचा दोष म्हणतों तो पुष्कळदां ठिणगीचा असतो. तापल्यावर कॉइल किंवा कंडेन्सर दुबळा झाला तरी लक्षणें हुबेहूब हींच. गाडी बंद पडल्याबरोबर एअर क्लीनरची नळी काढून कार्बोरेटरच्या तोंडांत पाहावें व हातानें थ्रॉटल हलवावा. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली, तर पेट्रोल तेथवर पोंचलें आहे. दोष बहुधा ठिणगीकडे. चिळकांडी नसेल त्यानें पुढें वाचावें.

जीपची टाकी चालकाच्या आसनाखालींच बसविलेली असते. तींत सुमारें ५७ लिटर पेट्रोल मावतें. गाडी बंद पडतांच गादी उचलून टाकीचें झांकण सैल करावें. हवा आंत शिरतांना 'सूं' असा आवाज झाला, तर झांकणांतील हवेचें छिद्र बुजलें आहे असें समजावें. पेट्रोल बाहेर जातें तसतशी त्याची जागा घेण्यास हवा आंत यावयास पाहिजे; ती न आल्यानें टाकींत पोकळी होते आणि पंपाची ओढ तिच्यापुढें कमी पडते. गाडी उभी राहिली कीं हवा हळूहळू झिरपते, म्हणूनच ती 'आपोआप' बरी होते. एका सुईचें काम, आणि त्यापायीं कार्बोरेटरची चिरफाड!

छिद्र मोकळें असल्यास टाकीचा तळ पाहावा. कोंकणच्या दमट हवेंत अर्धी रिकामी टाकी आंतून गंजते आणि तो गंज, तपकिरीसारखा बारीक, नळींत उतरतो. इंजिनामागील पत्र्यावर जी गाळणी असते तिच्या तळाचा बोल्ट, गाडी थंड असतां, काढून थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत धरावें. बाटलीच्या तळाशीं पाणी किंवा तांबूस गाळ दिसला, तर रोगाचें मूळ टाकींत आहे.

गाळणीपुढें पंप. कॅमशाफ्टच्या धक्क्यानें त्यांतील लवचिक पडदा वरखालीं होतो. तो फाटल्यास पेट्रोल पुढें जाण्याऐवजीं खालीं इंजिनाच्या तेलांत उतरतें. तेलाची पातळी वाढलेली असून त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी एक पाऊलही पुढें नेऊं नये. अशा पातळ तेलानें बेअरिंगांचें रक्षण होत नाहीं.

शिवाय हा पंप पेट्रोल दुरून ओढून घेतो. ओढीखालीं असलेलें पेट्रोल कमी उष्णतेवरच उकळतें, आणि वैशाखाच्या दुपारीं नळींत वाफ अडकते. नव्या मोटारींचा पंप बहुधा टाकींतच बुडालेला असून तो पेट्रोल पुढें ढकलतो, म्हणून त्यांस ही बाधा सहसा होत नाहीं. पंपावर ओलें फडकें ठेवण्याचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय शास्त्रास धरूनच आहे. परंतु नळी सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर घेणें हा खरा इलाज.

कार्बोरेटर आतां खोलण्यास हरकत नाहीं. फ्लोटची सुई कचऱ्यानें अडकली आहे काय, जेट बुजला आहे काय, एवढेंच पाहावयाचें.

या सर्वांत एक नवी भर पडली आहे. २०२५ सालीं भारतांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर पोंचलें. आमच्या ऊसवाल्या महाराष्ट्रास त्याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. पण ऐंशीं वर्षांपूर्वींच्या यंत्रास हें पेय मानवत नाहीं. इथेनॉल हवेंतील ओल शोषतें. टाकीच्या कडेस वर्षानुवर्षें चिकटलेला राळेसारखा थर तें सोडवितें, त्यामुळें आरंभीं गाळणी वरचेवर तुंबते. जुनें रबर त्यानें फुगतें वा भेगाळतें. मिश्रणही थोडें हलकें पडतें, त्यामुळें जेट किंचित् मोठा करावा लागतो. म्हणून पंपाचा पडदा व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्या. उल्हासनगरच्या 'यू. एस. ए.'ची थट्टा सर्वांस ठाऊक आहेच, खऱ्या यू. एस. ए.ची जीप या यू. एस. ए.च्या गॅस्केटवर धांवली तर त्यांत कमीपणा कसला? रबर कोणतें एवढें विचारून घ्यावें म्हणजे झालें.

घरांतील वडीलधाऱ्यांची भीति मात्र हंसण्यावारीं नेऊं नये. टाकी बसावयाच्या जागेखालीं आहे, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीहूनही घातक, कारण तींत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. नुसती रिकामी केलेली टाकी वेल्डिंगला कधींही देऊं नये. हीं सर्व कामें उघड्यावर, बॅटरीची तार सोडून करावीं. मुलांस व विडी ओढणाऱ्या पाहुण्यांस दूर ठेवावें.

पावसाळ्यांत गाडी पंधरा दिवसांतून एकदां वांगणीपर्यंत फिरवून आणतां येत असेल तर उत्तमच. नाहीं तर ज्येष्ठ संपण्यापूर्वीं टाकी व कार्बोरेटर दोन्ही रितीं करून टाकींत थोडें पातळ तेल घोळवावें. दसऱ्यास झेंडूची माळ घालण्याच्या आदल्या दिवशीं तें तेल काढून ताजें पेट्रोल भरावें, आणि गाळणीखालीं पुनः एकदां कांचेची बाटली धरावी.