मुद्रक-प्रकाशक नसलेलं पत्रक

निवडणुकीचं पत्रक हातात पडलं की लोक आधी फोटो बघतात, मग चिन्ह, मग वाटलं तर मजकूर. मी आधी तळ बघतो. अगदी खाली, चष्मा लावल्याशिवाय वाचता येणार नाही अशा टाइपात एक ओळ असावी लागते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, दोघांचे पत्ते. ती ओळ नसली की मजकूर वाचायच्या आधीच मला त्याचा वास येतो.

सवय धंद्याची आहे. भांडुप पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर माझा छोटा छापखाना होता. आधी ट्रेडल, खिळे जुळवून छपाई. मग श्रीलिपीवर मजकूर टाइप करून बटर पेपरवर प्रिंट काढायची, प्लेट बनवायची आणि मिनी ऑफसेटवर चढवायची. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, मंडळांची पावतीपुस्तकं यांवर घर चालायचं. निवडणूक हा वरचा हंगाम. सकाळी एका पक्षाचा शाखाप्रमुख बसून चहा पितोय, तो उठेपर्यंत दुसऱ्या पक्षाचा गटप्रमुख दारात. दोघं एकाच चाळीतले, एकमेकांना ‘काय रे’ करून जाणार. दोघांच्या पत्रकांत समोरच्याला नालायक ठरवलेलं असायचं आणि दोघंही खाली आपलं नाव घालायला लाजत नसत. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तिसरं गिऱ्हाईक वेगळं. ते प्रचाराच्या शेवटच्या दोन दिवसांत यायचं, शटर अर्धं खाली आल्यावर. चेहरा अनोळखी. मजकूर वहीच्या पानावर, पैसे रोख, बिल नको. कागद हलका चालेल, पण उद्या रात्री माल हातात हवा. आणि जाता जाता, ‘खालची ती ओळ नको हं शेठ.’ मी नाही म्हणायचो. त्याने जग बदललं असं नाही. तेच पत्रक दोन दिवसांनी पहाटे पेपरात घातलेलं किंवा दाराच्या फटीतून सरकवलेलं मिळायचं, कुठल्याशा झेरॉक्सवर काढलेलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

मजकुराचे प्रकार ठरलेले. उमेदवाराचं म्हणे दुसरं लग्न आहे. म्हणे त्याची बिल्डरबरोबर भागीदारी आहे. त्याची जात तो सांगतो ती नाहीच. आमच्या भागात सगळ्यांत जालीम म्हणजे झोपडीचा प्रकार: हा निवडून आला तर एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, यादीत तुमचं घर अपात्र. टेंभीपाडा, तुळशेतपाडा, हनुमान नगर अशा डोंगराकडच्या वस्तीत या एका वाक्यापुढे दहा सभा फिक्या. ज्याचं उभं आयुष्य पात्र-अपात्रच्या कागदात अडकलंय, तो खात्री करत बसत नाही, सावध होतो. आणि सावध झालेला माणूस दुसऱ्याला मत देतो, किंवा घरीच बसतो. बदनामी करणाऱ्याला दोन्ही चालतं.

आणखी एक जात असते तिला शिवीसुद्धा लागत नाही. उमेदवाराच्याच लेटरहेडसारखं दिसणारं पत्र: ‘काही कारणास्तव मी माघार घेत असून अमुक यांना पाठिंबा देत आहे.’ हे मतदानाच्या आदल्या रात्री फिरलं की बिचाऱ्याने सकाळी बूथवर जाऊन ‘मी अजून उभा आहे’ असं सांगत सुटायचं.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये या दोन्हींची दखल आहे. कलम १२३, पोटकलम ४. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वर्तणुकीबद्दल, तसंच त्याच्या उमेदवारीबद्दल किंवा माघारीबद्दल, खोटं विधान छापणं वा पसरवणं हा भ्रष्ट आचार. त्याला अटी आहेत. विधान वस्तुस्थितीचं असावं लागतं, करणाऱ्याला ते खोटं आहे हे ठाऊक असावं किंवा खरं आहे असं वाटत नसावं, आणि त्यामुळे उमेदवाराच्या यशाला धक्का बसेल अशी त्याची घडण असावी. म्हणजे ‘हा माणूस गद्दार आहे’ हे मत झालं. ‘याने अमुक तारखेला अमुककडून इतके पैसे घेतले’ हे विधान झालं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवरून बंडखोर आमदारांना उद्देशून ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा निघाली आणि राज्यभर लहान पोरांच्या तोंडी गेली. ती या दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर उभी आहे. आकडा आहे, नाव नाही. बोचते सगळ्यांना, न्यायालयात ओढायचं म्हटलं तर हाताला काही लागत नाही. घोषणा लिहिणाऱ्याला कायदा कळत असावा.

माझ्या धंद्याचं कलम १२७-अ. मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापल्याशिवाय निवडणुकीचं पत्रक वा पोस्टर छापायचं नाही. प्रकाशकाने सही केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांची त्यावर साक्ष घ्यायची आणि छापल्यावर पत्रकाची प्रत निवडणूक अधिकाऱ्यांकडे पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (दोन हजारांत हल्ली पत्रकाचा कागदही येत नाही.) या कलमातली एक व्याख्या मला फार आवडते. हाताने नक्कल करणं सोडून प्रती वाढवण्याची कुठलीही रीत म्हणजे छपाई. सायक्लोस्टाइल आली, झेरॉक्स आलं. एकाच वेळी शंभर ग्रुपवर ढकललेल्या मोबाइलमधल्या मजकुराला हे कसं लावायचं, यावर मात्र वकिलांनाच बोलू द्यावं.

आता कोणी म्हणेल, पूर्वी राजकारण सभ्य होतं. कुठे होतं? आचार्य अत्रे ‘मराठा’तून स. का. पाटलांना ‘सदोबा’ करून सोडायचे, आणि ‘मार्मिक’ने पुढे अत्र्यांना दिलेल्या पदव्या इथे छापण्यासारख्या नाहीत. पण अत्र्यांची शिवी अत्र्यांच्या नावाने, त्यांच्याच पेपरात यायची. ज्याला लागली त्याला उत्तर कुठल्या पत्त्यावर पाठवायचं हे कळायचं.

आमच्याच मतदारसंघाची गोष्ट सांगतो. ईशान्य मुंबई, १९६७. सीमा पुढे बदलत गेल्या, पण नाव हेच. कृष्ण मेनन अपक्ष उभे होते. संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर जवळजवळ आठ तास बोललेला हा माणूस १९५७ आणि १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून काँग्रेसतर्फे निवडून आला होता. १९६२ मध्ये समोर आचार्य कृपलानी होते. तेव्हा मेनन संरक्षणमंत्री, आणि चीन सीमेवर पुढे सरकतोय नि हे झोपलेत, असा विरोधकांचा जोरदार प्रचार होता. प्रचार बोचरा होता, पण मंत्र्याच्या कामाबद्दल होता. मेनन तरी लाखावर मतांनी जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, मेनन यांना मंत्रिपद सोडावं लागलं. म्हणजे त्या प्रचारातली निदान शंका खोटी नव्हती. तिखट प्रचार आणि बदनामी एकाच मापाने मोजू नये, ते याचसाठी.

१९६७ ला काँग्रेसने त्यांना तिकीट नाकारलं आणि स. गो. बर्वे यांना दिलं. बर्वे आयसीएस, पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरण्याच्या कामात नाव कमावलेले, राज्यात मंत्री राहिलेले. भारी उमेदवार, त्यांच्यासाठी कुणाची बदनामी करायची गरज नव्हती. पण आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेने मेननविरुद्ध जोर लावला, आणि मुद्दा चीन राहिला नाही. कम्युनिस्ट, मद्रासी, बाहेरचा. मेनन केरळचे, कोझिकोडचे. पण त्या वेळी विंध्याखालचा, महाराष्ट्राबाहेरचा प्रत्येक जण इथे मद्रासी. लुंगी आणि पुंगीचं यमक जुळवणारी घोषणा त्याच काळातली. मेनन हरले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे वारले, पोटनिवडणूक लागली, काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभं केलं आणि मेनन पुन्हा हरले. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, ते पश्चिम बंगालमधल्या मिदनापूरमधून लोकसभेवर गेले. तिथे त्यांना बंगाली येत नव्हतं म्हणून काही अडलं नाही.

माझे वडील तेव्हा भांडुपच्या कारखान्यात कामाला होते. त्यांना मेनन आवडत नसत, पण चाळीतल्या दक्षिणेकडच्या फिटरकडे लोक त्या महिन्यात कसे बघायला लागले, हे ते शेवटपर्यंत सांगत. उमेदवार हरला की घरी जातो किंवा मिदनापूरला जातो. फिटर चाळीतच राहतो.

असल्या प्रचाराने खरंच मतं फिरतात का? अमेरिकेत लाऊ, सिगेलमन आणि रोव्हनर या अभ्यासकांनी २००७ मध्ये १११ अभ्यास एकत्र तपासले. नकारात्मक प्रचार लोकांच्या लक्षात राहतो, पण तो करणाऱ्याला मतांचा ठरावीक फायदा होतो असं त्यांना दिसलं नाही. सरकारवरचा विश्वास आणि राजकारणात आपल्या मताला किंमत आहे ही भावना मात्र थोडी खाली जाते. हे मी एका कार्यकर्त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, सरासरीने कोण निवडून येतं? आम्हाला हजार-दोन हजार मतांचं बघायचं असतं.’ त्याचंही चूक नाही. २००९ ला आमच्या मतदारसंघात संजय दिना पाटील यांनी किरीट सोमय्यांना २,९३३ मतांनी हरवलं. लोकसभेच्या मतदारसंघात एवढी मतं म्हणजे दोन-चार गल्ल्या. भांडुपात कोकणातली घरं पुष्कळ, म्हणून २०१४ चं रायगडही इथल्या नाक्यांवर चघळलं गेलं: सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. ती बदनामी नव्हे, पण सख्खं भावंड म्हणायला हरकत नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आणखी एक गंमत झाली आहे. विधानसभेला भांडुप पश्चिममधून २०१४ ला अशोक पाटील आणि २०१९ ला रमेश कोरगावकर, दोघंही शिवसेनेच्या धनुष्यबाणावर निवडून आले. शिवसेना फुटल्यावर २०२४ ला तेच दोघं समोरासमोर, एकाकडे धनुष्यबाण, दुसऱ्याकडे मशाल, पाटील जिंकले. दोन्हीकडचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं एकाच शाखेत बसलेले. कुणाचं कर्ज कुठे, कुणाच्या घरात काय, सगळं सगळ्यांना ठाऊक. अशा ठिकाणी निनावी पत्रकाला खोटं रचायचीही गरज पडत नाही. खऱ्यातलंच अर्धं उचललं की काम होतं. खोट्याचा खुलासा करता येतो. अर्ध्या खऱ्याचा खुलासा करताना उरलेलं अर्धंही सांगावं लागतं.

वेळ हाच यातला खरा माल. मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी वृत्तपत्रात राजकीय जाहिरात द्यायची तर निवडणूक आयोगाच्या समितीकडून ती आधी तपासून घ्यावी लागते. कारण उघड आहे, त्या वेळी आरोप झाला तर उत्तर द्यायला वेळच उरत नाही. म्हणून निनावी माल नेमका तेव्हाच बाहेर पडतो. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून बिटकॉइनच्या पैशांबद्दलच्या ध्वनिफिती भाजपने समाजमाध्यमांवर टाकल्या. सुळे यांनी आवाज आपला नसल्याचं सांगून निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. ‘बूम’ या तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थेने साधनं वापरून पाहिली, तेव्हा त्यांतले काही आवाज यंत्राने बनवलेले असावेत असं निघालं. फिती टाकणाऱ्यांचं नाव उघड होतं. पण त्या मुळात कुठून आल्या हे सांगणारा मुद्रक-प्रकाशक त्यांच्याखाली नव्हता. आणि सकाळी सातला मतदान सुरू.

बनावट मजकूर कळवल्यावर पक्षांनी तो तीन तासांत काढावा, अशी सूचना आयोगाने २०२४ च्या मे महिन्यात, लोकसभा निवडणुकीच्या वेळी, दिली होती. होर्डिंगवरही मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवं, हेही त्याच निवडणुकीत सांगितलं. चांगलं आहे. पण आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाच्या ग्रुपला तीन तास लागत नाहीत; नळाला पाणी येईपर्यंत मेसेज खिंडीपाड्याला पोचलेला असतो.

मग हरलेल्याने काय करायचं? निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. आरोप सिद्ध झाला तर निवड रद्द होते, भ्रष्ट आचार करणाऱ्याला सहा वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. उपनगरातलंच उदाहरण घ्या. डिसेंबर १९८७, विलेपार्ल्याची पोटनिवडणूक. डॉ. रमेश प्रभू जिंकले, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. प्रकरण चारित्र्यहननाचं नव्हतं, बाळासाहेब ठाकऱ्यांनी प्रभूंच्या प्रचारसभांत धर्माच्या नावाने मतं मागितल्याचं होतं, पण कलम तेच, १२३. बोलणारा माहीत होता, सभा उघड्यावर झाल्या होत्या, भाषणांच्या नोंदी होत्या. उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली ती ११ डिसेंबर १९९५ ला. तोवर ती विधानसभा संपून पाच वर्षं झाली होती, आणखी दोन विधानसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या, आणि मंत्रालयात सरकार शिवसेना-भाजपचं होतं.