पाला बांधलेली शेते : वत्सगुल्माच्या मुलखातील प्राणिकथा

वाशिम जिल्ह्याचा उल्लेख निघाला की पोहरादेवी, शिरपूरचे जैन मंदिर, कारंज्याचे दत्तस्थान आणि सोयाबीन-तुरीची शेते डोळ्यांपुढे येतात, पण मुलांना सांगितल्या जाणाऱ्या प्राणिकथांच्या इतिहासातही या मुलखाचे एक जुने स्थान आहे, याची जाण फार थोड्यांना असते. आजचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकात सर्वसेनाने ही शाखा स्थापन केली आणि 1939 साली वाशिमला सापडलेल्या, राजा विंध्यशक्तीच्या सदतिसाव्या राज्यवर्षातील ताम्रपटामुळे तिचा इतिहास उजेडात आला. त्या ताम्रपटात राजवंशाची थोरवी संस्कृतात सांगितली आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार मात्र लोकांना कळणाऱ्या प्राकृतात लिहिला आहे. याच शाखेचा राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करीत असताना अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी कोरली गेली. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दिले आणि सतरावे त्याच्या एका मांडलिकाने. या सतराव्या लेण्याच्या भिंतींवर प्राण्यांच्या जेवढ्या गोष्टी रंगवल्या आहेत, तेवढ्या भारतातील दुसऱ्या कोणत्याही एका प्राचीन वास्तूत रंगरूपात टिकून राहिलेल्या क्वचितच सापडतील.

त्या गोष्टी जातककथा आहेत. जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा. गौतम बुद्ध होण्याआधी बोधिसत्त्व अनेक योनींत जन्मला आणि प्रत्येक जन्मात त्याने एखादा सद्गुण पूर्णत्वाला नेला, या श्रद्धेवर त्या उभ्या आहेत. पाली संग्रहात अशा 547 कथा असून कितीतरी कथांत बोधिसत्त्व हत्ती, हरीण, वानर, हंस किंवा रेडा होऊन येतो. सतराव्या लेण्यात आपल्या कळपासाठी स्वतःच्या देहाचा पूल करणारा वानरराजा आहे, फासात सापडलेल्या हंसराजाला सोडून न जाणारा त्याचा सेनापती आहे, सहा दातांचा षड्दंत हत्ती आहे आणि आंधळ्या आईला पोसणारा मातृपोषक हत्तीही आहे. या शेवटच्या कथेत रानात वाट चुकलेल्या माणसाला हत्ती पाठीवर घेऊन सुखरूप बाहेर सोडतो, तोच माणूस राजाला हत्तीचा ठावठिकाणा सांगतो आणि हत्ती धरला जातो; राजाच्या हत्तीखान्यात त्याच्यापुढे उत्तम चारा टाकला जातो, पण तो सोंडही लावत नाही. राजा कारण विचारतो तेव्हा, रानात आंधळी आई उपाशी असताना आपल्याला घास जात नाही, असे हत्ती सांगतो आणि राजा त्याला मोकळा करतो. ज्याने विश्वासघात केला त्याच्यावर हत्ती सूड घेत नाही, एवढेच नव्हे तर कथेला त्या माणसाची पुढे फारशी फिकीरही नाही. तिचे सारे लक्ष न खाल्लेल्या चाऱ्याकडे आहे. लहान मुलाला उपाशीपणा कळतो, आई दूर असण्याचे दुःख कळते, म्हणून कृतज्ञता आणि करुणा हे जड शब्द न वापरताही ही गोष्ट त्याच्या मनात उतरते.

याच्या शेजारी पंचतंत्र ठेवले की प्राणिकथेचा दुसरा, अगदी निराळा प्रवाह दिसतो. दक्षिणेतील महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन मुलगे अभ्यासाला विन्मुख होते आणि विष्णुशर्मा या वृद्ध पंडिताने सहा महिन्यांत त्यांना नीतिशास्त्रात निपुण करण्याची प्रतिज्ञा करून गोष्टी सांगितल्या, अशी या ग्रंथाची चौकट आहे. येथे ‘नीती’ हा शब्द आजच्या ‘नैतिकता’ या अर्थाने घेतला की घोटाळा होतो. पंचतंत्रातील नीती म्हणजे जगात कसे वागावे, मित्र कसे जोडावे, शत्रू कसा ओळखावा आणि दुबळ्याने बलवंतापुढे कसे टिकावे, याचे व्यवहारी शहाणपण. वानर आणि मगर यांची कथा दोन्ही परंपरांत आहे, तीत वानर आपले काळीज झाडावर राहिल्याचे सांगून मगरीच्या पाठीवरून सुटतो. जातकात तो वानर बोधिसत्त्व असतो, तर पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात, म्हणजे हातचे कसे जाते हे सांगणाऱ्या लब्धप्रणाशात, तीच कथा मूर्खपणाने मैत्री आणि शिकार दोन्ही गमावणाऱ्या मगरीकडून पाहिली जाते. घटना एकच असूनही तिचा धडा सांगणाऱ्याच्या हेतूनुसार बदलतो आणि ‘या गोष्टीपासून काय शिकायचे’ या प्रश्नाला एकच उत्तर असते, हा समज येथेच ढासळतो.

पंचतंत्राच्या पहिल्या तंत्राची, मित्रभेदाची, कथा या दृष्टीने नीट वाचण्यासारखी आहे. वर्धमान नावाचा व्यापारी यमुनेच्या काठी चिखलात पाय मोडलेला संजीवक बैल रानात सोडून जातो. बैल हिरव्या चाऱ्यावर धष्टपुष्ट होतो, त्याच्या डरकाळीने पिंगलक सिंह घाबरतो, पुढे दोघांची जिवाभावाची मैत्री जमते आणि दरबारातले आपले महत्त्व घटलेले पाहून दमनक नावाचा कोल्हा दोघांच्या कानांत विष ओतून सिंहाकडूनच बैलाला मारवतो. येथे दमनकाला शिक्षा होत नाही. त्याचा सोबती कोल्हा करटक त्याची निर्भर्त्सना करतो खरा, पण दमनक शोकाकुल सिंहाची समजूत घालून पुन्हा मंत्रिपदावर बसतो. पोळ्याला बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळणाऱ्या, शिंगे रंगवणाऱ्या आणि त्यांच्यापुढे पुरणपोळीचे ताट धरणाऱ्या वऱ्हाडातल्या घरात वाढलेल्या मुलाला हा शेवट सहन होणे कठीण आहे आणि तो सहन होऊ नये, यातच त्याच्या मनाचे निरोगीपण आहे.

ही अस्वस्थता फार जुनी आहे. सहाव्या शतकात बुर्झोए या इराणी वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने ते ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आणले, आणि त्या अरबी ग्रंथात मूळ संस्कृतात नसलेले एक प्रकरण दिसते, ज्यात दिम्ना, म्हणजे आपला दमनक, न्यायासनापुढे उभा राहतो आणि अखेरीस देहदंड पावतो. कपटी माणूस सुखाने नांदतो असे सांगून गोष्ट संपवणे तेथे जिवावर आले असावे. मूळ ग्रंथ मात्र कानाने ऐकलेल्यावर मित्राचा जीव घेणाऱ्या राजाकडे बोट दाखवून थांबतो, कारण त्याचा श्रोता पुढे राजा होणार होता आणि दमनकासारखी माणसे त्याच्या अवतीभवती असणारच होती. ज्या मुलाला राज्य सांभाळायचे आहे त्याला ही कथा आवश्यक होती; ज्या मुलाला अजून शाळेत जायचे आहे त्याला ती सांगताना सांगणाऱ्याने मुलाशी थोडे बोलत बसले पाहिजे.

असे शिक्षण न मिळाल्यास काय होते, याचे चित्र विदर्भाच्याच नावाने संस्कृत साहित्यात उरले आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील शेवटच्या, विश्रुताच्या कथेत विदर्भाचा तरुण राजा अनंतवर्मा कलांत रमतो पण दंडनीतीकडे, म्हणजे राज्य चालवण्याच्या शास्त्राकडे, पाठ फिरवतो, वृद्ध मंत्री त्याला समजावतो, विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्या उपदेशाची टवाळी करतो आणि शेवटी शेजारच्या राजाच्या कारस्थानात राज्य जाते. वाकाटकांच्या इतिहासाचे थोर अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी या कथेत वत्सगुल्म शाखेच्या अखेरीचे प्रतिबिंब पाहिले. ते मत ग्राह्य धरले तर ज्या राज्यात अजिंठ्याच्या भिंतींवर करुणेची इतकी सुंदर चित्रे उमटली, तेच राज्य सावधपणा न शिकल्यामुळे लयाला गेले असे म्हणावे लागते, आणि जातक व पंचतंत्र या दोन्ही प्रवाहांची मुलांना एकत्र गरज का आहे, हे वाशिमच्या मातीतूनच कळते.

तेराव्या शतकात वऱ्हाडाच्या भूमीवर प्राणिकथेला मराठी वाणी मिळाली. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी आपले तत्त्वज्ञान संस्कृतात न सांगता लोकांच्या भाषेत सांगितले. त्यांच्या बोलण्यातील 114 दृष्टान्त केशिराज यांनी ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात संकलित केले. प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र, म्हणजे थोडक्यातले तत्त्व. मग दृष्टान्त, म्हणजे ते स्पष्ट करणारी छोटी गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट तत्त्वाला कशी लागू पडते याचा उलगडा, अशी त्याची तीनपदरी रचना आहे. हत्तीला चाचपून आपापल्यापरीने त्याचे वर्णन करणारे आंधळे या दृष्टान्तांतही भेटतात. म्हाइंभट्टांच्या ‘लीळाचरित्रा’त तर कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि साळईच्या मेणाच्या घराची गोष्ट स्वामींच्या तोंडून येते. आज घरोघरी सांगितली जाणारी चिमणी-कावळ्याची गोष्ट ती हीच, म्हणजे मराठी आईने बाळाला सांगितलेल्या कथेची लेखी नोंद निदान सातशे वर्षांची आहे.

या गोष्टीत मुलाने नेमके काय घ्यावे, हे आजवर कोणी ठरवून दिलेले नाही आणि तेच तिचे बळ आहे. पावसाने घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो, चिमणी आतून बाळाला न्हाऊ घालण्याची, पावडर-काजळ करण्याची कारणे सांगत राहते आणि बाहेर पाऊस पडतच असतो. काही घरांत ती शेवटी दार उघडते, काही घरांत कावळ्याला गरम तव्यावर बसायला सांगते. कावळ्याने घर पक्के बांधायला हवे होते, की चिमणीने दार लवकर उघडायला हवे होते, हा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उभा राहतो आणि त्याचे उत्तर वयाबरोबर बदलते. आधी ते चिमणीच्या बाजूने असते, कारण आत बाळ आहे. पुढे कधीतरी दाराबाहेर भिजणारा दिसू लागतो.

छापील पुस्तके आली तेव्हा गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ लिहिण्याची पद्धत रूढ झाली. इसापच्या ग्रीक कथांचे मराठी भाषांतर तंजावरला सरफोजीराजांच्या प्रेरणेने ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने 1806 मध्ये निघाले, 1815 मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांचा मराठी ‘हितोपदेश’ छापला गेला, आणि मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ 1828 मध्ये नव्या शाळांच्या मुलांसाठी आली. मराठी मुद्रणाच्या अगदी उगमापाशी प्राणिकथा उभ्या आहेत, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे. मात्र परीक्षेसाठी पाठ करण्याजोगे एका ओळीचे तात्पर्य हाती आले की मूल कोल्ह्याला आणि द्राक्षांना विसरते आणि ओळ तेवढी लक्षात ठेवते. चक्रधरांच्या दार्ष्टान्तिकात गोष्ट ऐकणाऱ्याच्या स्थितीशी जोडली जात होती. तात्पर्याला समोर कोण बसले आहे याच्याशी कर्तव्य नसते. शिक्षकाने आणि पालकाने ते तात्पर्य हाताने झाकून आधी मुलाला बोलू द्यावे, एवढा साधा बदलही पुष्कळ आहे.

वाशिमच्या मुलाकडे या बोलण्यासाठी लागणारे साहित्य पुस्तकाबाहेर भरपूर आहे. कारंजा तालुक्यात काळविटांसाठी राखलेले सुमारे 18 चौरस किलोमीटरचे कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, आणि जिल्ह्यातल्या गवताळ माळांवर, शेतांच्या कडेला काळवीट आणि रोही, म्हणजे नीलगाय, दिसतात. पण चित्रातले हरीण जितके गोजिरवाणे, तितका रात्रीतून तुरीचा शेंडा खुडणारा रोह्यांचा कळप शेतकऱ्याला जड जातो. पीक हाती येईपर्यंत माणसे थंडीत जागलीला जातात, धुऱ्यावर काठ्या रोवून त्यांना घरच्या जुन्या साड्या बांधतात, वाऱ्याने त्या फडफडल्या की जनावर बिचकेल या आशेने. अशा घरातल्या मुलाला ‘हरणांवर दया करा’ एवढेच सांगितले, तर त्याला बापाच्या तारवटलेल्या डोळ्यांचे उत्तर मिळत नाही.

जातकसंग्रहातील निग्रोधमृगाच्या कथेला हे उत्तर ठाऊक आहे. वाराणसीच्या राजासाठी रोज एक हरीण पाळीपाळीने मरणाला जात असते. एका गाभण हरिणीची पाळी येते तेव्हा निग्रोध हा मृगराज तिच्या जागी स्वतः मान ठेवतो, राजा हेलावतो आणि निग्रोधाच्या मागणीवरून सर्व हरणांना, मग चतुष्पादांना, पाखरांना आणि माशांनाही अभय देतो. सांगणारे बहुधा येथे थांबतात. मूळ कथा मात्र पुढे जाते. अभय मिळालेली हरणे शेतांत शिरून पीक खाऊ लागतात, राजाज्ञेमुळे त्यांना कोणी मारू शकत नाही आणि शेतकरी राजवाड्यापुढे गाऱ्हाणे घेऊन जमतात. राजा दिलेला शब्द मोडायला तयार होत नाही. ते कळल्यावर निग्रोध आपला कळप गोळा करून सांगतो की यापुढे दुसऱ्याच्या पिकाला तोंड लावायचे नाही, आणि शेतकऱ्यांना निरोप धाडतो की त्यांनी शेताला कुंपण घालू नये, फक्त बांधावर खूण म्हणून पाला बांधावा. तेव्हापासून शेतांवर पाला बांधण्याची रीत पडली आणि पाला दिसला की हरणे तेथून वळून जात, असे कथा सांगते. ही गोष्ट वाशिमच्या एखाद्या शाळेत हिवाळ्यात, तूर उभी असताना सांगितली, तर धुऱ्यावरच्या साड्या आणि कथेतला पाला यांचे नाते मुलांना समजावून सांगावे लागणार नाही; त्या साड्या कोणाच्या आईच्या आणि कोणाच्या आजीच्या आहेत, हेही ती सांगू लागतील.