जुलै उजाडला म्हणून धार मोकळी होत नाही

स्वित्झर्लंडमधल्या मॅटरहॉर्नच्या (४४७८ मीटर) माथ्यावर जाणारी सर्वांत जास्त वापरातली वाट म्हणजे हॉर्नली धार. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिचा हंगाम मानतात. त्याच्या आधी, जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात जाणारे एकच प्रश्न विचारतात: वर बर्फ किती आहे? उत्तर शोधले जाते तारखेत, नाहीतर झर्माट गावातून काढलेल्या ताज्या फोटोत. माझ्या मते मुळात प्रश्नच चुकीचा आहे. बर्फाच्या जाडीवरून धारेबद्दल फार थोडे कळते. तो कशावर बसला आहे, कोणत्या बाजूला आहे आणि आदल्या रात्री गोठला का, यावर चढाईचा सगळा हिशेब ठरतो.

आधी फोटोचे पाहू. झर्माटमधून हॉर्नली धार समोरच दिसते. तिच्या डाव्या हाताला पूर्वेची भिंत, उजव्या हाताला उत्तरेची. पूर्वेच्या भिंतीवर सूर्योदयापासून ऊन पडते, त्यामुळे तिथला बर्फ लवकर उतरतो आणि खडक करडा दिसू लागतो. चढाईची वाटही बराच काळ धारेच्या याच बाजूने जाते, म्हणून फोटो पाहणाऱ्याला वाटते की रस्ता सुकला. पण ४००३ मीटरवरच्या सोल्वे निवाऱ्याच्या वर, ‘खांदा’ ओलांडल्यावर, वाट उत्तरेच्या अंगाला वळते. जिथे दोर कायमचे बांधून ठेवले आहेत तो भाग आणि त्यावरचा उतार ऊन फारसे पाहत नाही. खालचे हजार मीटर उन्हाळ्यात आणि वरचे दोनशे-तीनशे हिवाळ्यात, अशी ही धार एकाच दिवशी दोन ऋतूंत असू शकते. तारखेचेही तसेच. हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे १६०० मीटरवरच्या झर्माटमध्ये वीस अंश असताना माथा जेमतेम शून्याच्या आसपास असतो. गावात पाऊस पडला की वर बर्फ पडला असे धरावे. मग जुलैची १५ तारीख असो की २५.

दुसरा गैरसमज अधिक चिवट आहे: थोडा बर्फ म्हणजे थोडा त्रास. खडकावरची चढाई शिकलेल्याला हे पटकन पटते. सह्याद्रीत कातळ ओला की सुका एवढेच पाहावे लागते, आणि ओल जितकी कमी तितके बरे. हिमरेषेवर हे गणित चालत नाही. दाट, रात्रीत घट्ट झालेल्या बर्फावर बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनचे दात आणि आइस अ‍ॅक्सचे पाते बसते. बर्फच नसेल तर बूट खडकाला धरतो. पण उतरत्या कातळावर पाच-सहा सेंटीमीटर भुसभुशीत बर्फ असेल तर पकडी झाकल्या जातात, क्रॅम्पॉन खडकावर करकरतात आणि दोर अडकवायला भरवशाची जागा सापडत नाही. त्याखाली वितळून पुन्हा गोठलेल्या पाण्याचा पापुद्रा असला तर विचारूच नका. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोहोचलेल्या सात जणांपैकी चौघे उतरताना गेले, ते अशाच जागी. त्या सातांपैकी वाचलेल्या एडवर्ड व्हिंपरने त्या जागेचे नंतर वर्णन केले आहे: उतार चाळीस अंशांपेक्षा कमी, खडकांच्या फटी बर्फाने भरलेल्या, वर आलेल्या दगडांवर कुठेकुठे बर्फाचा पातळ थर. दिसायला अवघड नसलेली जागा, आणि तारीख जुलैच्या मध्याची.

पण सर्वांत जास्त गोंधळ रात्रीच्या थंडीबद्दल आहे. हवामानाच्या अंदाजात शून्य अंशाची उंची दिलेली असते. ती ४००० मीटर असेल तर त्याखालचा बर्फ रात्रभर मऊच राहणार, असे सरळ समजले जाते. वस्तुस्थिती अशी की निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि आसपासच्या हवेपेक्षा बराच थंड होतो. ३२६० मीटरवरच्या हॉर्नली निवासापाशी हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असूनही पहाटे बर्फ पाय न रुतण्याइतका कडक सापडू शकतो. उलट, आभाळ भरलेल्या रात्री ढग ती उष्णता परत पाठवतात आणि हवा शून्याच्या खाली असूनही कवच धड धरत नाही. तेव्हा संध्याकाळी तापमानाचा आकडा पाहून निर्णय घेण्यापेक्षा मध्यरात्री बाहेर येऊन चांदण्या दिसतात का, ते पाहावे. आकड्याची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी: २५ जुलै २०२२ रोजी स्वित्झर्लंडवर शून्य अंशाची उंची ५१८४ मीटर मोजली गेली, म्हणजे आल्प्समधल्या कुठल्याही शिखरापेक्षा वर. इतकी उष्णता असली की निरभ्र रात्रही फार काही वाचवत नाही.

रात्री गोठलेला बर्फ किती वेळ टिकेल, हा पुढचा प्रश्न. आणि इथे उतरणे विसरले जाते. निवासापासून माथ्यापर्यंत सुमारे १२०० मीटरची चढाई आहे. सराव असलेल्यांना धार कोरडी असताना चार-पाच तास लागतात आणि उतरायला जवळपास तितकेच. पहाटे चारला निघालेला माणूस दुपारी खालच्या पूर्वेकडच्या भागात येतो, म्हणजे ज्या बर्फाला सर्वांत आधी ऊन लागले त्याच बर्फावर. वर बर्फ असल्यामुळे वेळ लांबला की ही अडचण आणखी वाढते. सकाळी सुरक्षित होते, मग परतताना का नसेल, याचे उत्तर या वेळापत्रकातच आहे. अर्थात सकाळ म्हणजे अभय, हाही गैरसमजच. ताजा बर्फ वाऱ्याने आडोशाच्या बाजूला साचून फळीसारखा घट्ट बसला असेल, तर त्याला सुटायला ऊन लागत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी गढवालमधल्या द्रौपदी का डांडावर हिमप्रपातात सापडले, ते सकाळी पावणेनऊच्या सुमारास. आणखी एक: स्वित्झर्लंडच्या हिमसंशोधन संस्थेचे हिमप्रपाताचे पत्रक उन्हाळ्यात रोज निघत नाही, मोठी हिमवृष्टी झाली तरच निघते. पत्रक नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढू नये.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एवढी चिकित्सा करण्यापेक्षा थांबावे, सगळा बर्फ जाऊ द्यावा आणि ऑगस्टमध्ये चढावे. बहुतेकांसाठी सल्ला चांगला आहे. पण कोरडी धार म्हणजे सुरक्षित धार असे त्यातून निघत नाही. जुलै २००३ च्या उष्णतेच्या लाटेत याच हॉर्नली धारेवर सुमारे १५०० घनमीटर खडक कोसळला आणि सुटलेल्या जागी उघडा बर्फ दिसला. खडकांच्या भेगांतला कायमचा बर्फ दगड धरून ठेवतो. तो तापला की धारच सैल होते. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीचा धोका जाऊन दुसरा येतो. दुसरा आक्षेप: स्थानिक मार्गदर्शकांना विचारावे, ते जा म्हणाले तर जावे. विचारावेच. मात्र त्यांचा होकार त्यांच्या वेगासाठी, त्यांच्या ओळखीच्या प्रत्येक पायरीसाठी असतो. ‘वर बर्फ आहे का?’ ऐवजी ‘सोल्वेच्या वर क्रॅम्पॉन कुठे घालावे लागले, आणि काल शेवटची जोडी किती वाजता परतली?’ असे विचारले तर मिळणारे उत्तर आपल्या उपयोगाचे असते.

महाराष्ट्रातून मे महिन्यात मनालीला जाऊन फ्रेंडशिप शिखर (५२८९ मीटर) चढणाऱ्यांनाही हाच विचार लागू आहे, थोड्या फरकाने. झर्माट ४६ अक्षांशावर आहे आणि मनाली ३२ वर, त्यामुळे दुपारचा सूर्य तिथे अधिक डोक्यावर असतो. म्हणून परतीची वेळ आल्प्सच्या पुस्तकातून न उचलता, त्या दिवशी पहाटे टाच किती रुतली त्यावरून ठरवावी. मुक्कामाजवळच्या सपाटीवर पहाटेच पाय घोट्यापर्यंत जात असेल, तर वरच्या धारेचा फोटो कितीही करडा असला तरी त्या दिवशी निघू नये.