दिव्याच्या मागावर मांटा

औशाहून समुद्र फार दूर. तथापि पावसाळ्याच्या आरंभीं ओसरीवर दिवा लावला कीं पाखरें जमतात व पाखरांमागून पाल येते, हें औसेकर श्रोत्यांनीं पाहिलेंच असेल. हवाई बेटांतील कोना किनाऱ्यावर प्रवासी रात्रीं जें पाहावयास जातात, त्याचें मर्म हेंच.

१९७० नंतरच्या दशकांत तेथील एका हॉटेलानें समुद्रावर प्रखर दिवे रोखले. प्रकाशाकडे प्लवक, म्हणजे पाण्यांत तरंगणारे सूक्ष्म जीव, लोटले. आणि त्यांच्या लोभानें मांटा जातीचीं प्रचंड पाकटें येऊं लागलीं. आतां वाटाडे दिवे बसविलेला तराफा पाण्यांत सोडतात. डोळ्यांवर कांच चढवून, तोंडांत श्वासनळी धरून, त्याच्या कठड्यास हात देऊन पालथें तरंगावयाचें. खालून १० ते १२ फूट रुंदीचे पंख पसरीत मांटा वर येतो, आ वासून पाणी घेतो, कल्ल्यांच्या जाळींतून अन्न गाळतो आणि आपल्या छातीजवळ कोलांटी मारतो. पोटावरील ठिपक्यांवरून जाणकार प्रत्येकास ओळखतात, नांवेंही देतात!

कोंकणच्या कोळ्यांना ठाऊक असलेल्या पाकटाच्या शेपटास विषारी कांटा असतो. मांटा डंख मारीत नाहीं. भय आहे तें त्यालाच. स्पर्शानें अंगावरील बुळबुळीत थर पुसला जातो व रोगास वाट मिळते. मादीस कांहीं वर्षांच्या अंतरानें बहुधा एकच पिल्लूं होतें, आणि कल्ल्यांना चिनी औषधबाजारांत गिऱ्हाईक आहे. म्हणून २०१३ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें ह्या व्यापारावर निर्बंध घातले.

एखाद्या रात्रीं प्लवक जमत नाहींत. मग मांटाही येत नाहीं. त्यास वाटाड्याचा इलाज नसतो.