भिंत कोणाची?

“घर माझं, भिंत माझी, मग महापालिकेची परवानगी कशाला?” आमचे एक शेजारी परवा विचारत होते. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र भिंत कोणती, यावर अवलंबून आहे.

मुंबईपुरतं बोलायचं तर 1888च्या महापालिका कायद्याचं 342वं कलम पाहावं. रंग, गिलावा, फरशी बदलणं, नळ, न्हाणीघर किंवा विजेच्या फिटिंगची दुरुस्ती यासाठी नोटीस लागत नाही. पण एका खोलीच्या दोन करणं, वाटेची खोली करणं, पोटमाळा वाढवणं, खांब किंवा भार पेलणारी भिंत काढणं ही साधी दुरुस्ती नव्हे. तिथं आधी पालिकेकडे जावंच लागतं.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली. 17 माणसं गेली. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला.

म्हणून मंडळी, गवंड्याच्या हाती घण देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सोसायटीला लेखी कळवा. भिंत आपल्या घरात असते. पण तिच्या डोक्यावर वरच्यांचा संसार असतो.